मागे राहिलेला भाऊ

"ते पुस्तक लिहिणाऱ्या तुम्हीच ना?"

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीशी एक स्त्री धापा टाकत उभी होती. खिडकीआडच्या कारकूनबाईंनी कसनुसं हसून मान डोलावली. आता ऐकून घ्यावं लागणार!

गेला महिनाभर हेच चाललं होतं. पाणी मोजून मिळणारं, चहूकडून भिंत असलेलं एक शहर आणि त्यात शिपायांना चकवत जगणारी बहीणभावंडं, ही त्यांची गोष्ट. पहिल्या भागाला पोरांनी डोक्यावर घेतलं. दुसऱ्या भागाच्या शेवटी मात्र बहीण एकटीच भिंतीपलीकडे निसटते, धाकटा मागे राहतो. त्यावरून त्याच पोरांनी बाईंना धारेवर धरलं होतं. 'तुम्हाला काळीज आहे की नाही?' असे निरोप येत. एकाने तर शेवटची पानं फाडून त्यांचा फोटो पाठवला होता.

"शेवट असा व्हायलाच हवा होता हो," बाईंनी पाठ झालेलं वाक्य सुरू केलं, "कारण गोष्टीत..."

"माझी मुलं सापडत नाहीयेत."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मुलगी तेरा वर्षांची, मुलगा सहाचा. आम्ही नवराबायको वेगळे होतोय. ती माझ्याकडे राहणार, तो वडिलांकडे. आज दुपारी हे त्याला न्यायला येणार होते. सकाळी बघते तर दोघं घरात नाहीत. पोलिसांत सांगितलंय, सगळ्या मैत्रिणींकडे फिरून झालं." तिचा आवाज चिरकला. "तुमचं पुस्तक वाचल्यापासून एकच धोशा लावला होता तिने. मी तिच्यासारखी नाही, मी तिच्यासारखी नाही. तुम्हाला विचारलंही होतं, भावाला का सोडलं म्हणून. तुम्ही कळवलंत, कथेची गरज होती."

हे उत्तर कारकूनबाईंनी सगळ्यांनाच दिलं होतं. त्यातली ही मुलगी कोणती, हेही त्यांना आठवेना.

"पुस्तकातली मुलं कुठे लपतात?" आईने विचारलं.

"पंपघरात. जुन्या..." म्हणता म्हणता बाई उठल्याच. ते पंपघर मनातलं नव्हतं. कार्यालयाच्या मागे, टाकीपलीकडे ते खरोखरच होतं. एका शाळेत बाईंनी कौतुकाने तसं सांगितलंही होतं. पुस्तकातल्या पंपघराची जमीन पक्की होती. खऱ्या पंपघरात मधोमध खोल विहीर होती, आणि तिच्यावरच्या फळ्या कुजल्या होत्या.

बाई धावत सुटल्या. मागोमाग आई. पायातली चप्पल कुठे निघाली, तेही बाईंना कळलं नाही.

पंपघराच्या दाराला कुलूप होतं, पण बाजूच्या खिडकीचे गज कुणीतरी कधीच काढून नेले होते. दोघींनी आत डोकावलं. पलीकडच्या भिंतीला टेकून मुलगी बसली होती. तिच्या मांडीवर डोकं ठेवून धाकटा पेंगत होता. मधे त्या फळ्या.

"आई!" धाकटा ताडकन उठला आणि सरळ फळ्यांवरून धावत निघाला.

"धर त्याला!" बाई किंचाळल्या. "सोडू नकोस! काही झालं तरी सोडू नकोस त्याला!"

मुलीने झेप घेऊन त्याच्या सदऱ्याची कॉलर पकडली. त्याच क्षणी त्याच्या पायाखालची फळी कडकन मोडली. तिचा तुकडा खाली गेला, आणि पाण्याचा आवाज बऱ्याच वेळाने वर आला. मुलीने भावाला मागे खेचून छातीशी आवळून धरलं.

"हलू नका," बाई म्हणाल्या. खिडकीतून आत उतरून त्या भिंतीला पाठ घासत, कडेच्या दगडावरून पलीकडे गेल्या. धाकट्याला कडेवर घेतलं आणि मुलीला पदराचं टोक धरायला लावलं. पाऊल चाचपत, एकेक करत, तिघं खिडकीपाशी आली. आईने मुलाला ओढून घेतलं, मग मुलीला. एक थप्पड मारली आणि लगेच मिठीत घेऊन रडू लागली.

मुलगी रडली नाही. आईच्या खांद्यावरून ती बाईंकडे रोखून बघत होती.

"कथेची गरज म्हणजे काय हो?"

बाई तिथेच मातीत बसल्या.

"दोघांना पलीकडे न्यायचं मला जमेना," त्या म्हणाल्या. "ती एकटी असली की पुढचं सोपं जाणार होतं."

"आमच्या घरीही तेच म्हणतात," मुलगी म्हणाली. "सगळ्यांना सोपं जाईल."

आईचं रडणं थांबलं. तिने मान वर केली नाही.

निरोप मिळाला तसे वडील स्कूटरवरून थेट कार्यालयाच्या फाटकाशी आले. मुलाला चाचपून बघितलं, कुठे लागलंय का ते. नवराबायको बाजूला जाऊन दबक्या आवाजात बोलली. आवाज चढला, पुन्हा उतरला. ठरलेलं काही बदललं नाही.

"याला रात्री दिवा लागतो," मुलीने वडिलांना सांगितलं. "बंद केला तर उठतो."

"माहितीये मला."

"बाहेरचा नाही. खोलीतला."

वडील म्हणाले, "बरं. खोलीतला."

मुलीने खाली बसून भावाच्या बुटाची नाडी बांधली. नीट बसली होती, तरी सोडून पुन्हा बांधली. मग त्याला उचलून स्कूटरवर पुढे उभं केलं आणि त्याचे दोन्ही हात आरशांच्या दांड्यांवर ठेवून दिले.

"घट्ट धर," ती म्हणाली, आणि दोन पावलं मागे सरकली.