चिनी गुलाबाचं पाणी

सासूबाईंनी उभ्या जन्मात सुनेचं कौतुक केलं नाही, पण गॅलरीतल्या चिनी गुलाबाच्या कुंड्या जाताना तिच्याच गळ्यात घातल्या. "ऊन हवं तेवढं मिळू दे, पाणी मात्र हात आखडून घाल," एवढं म्हणाल्या आणि गेल्या.

सून घरी शिवणकाम करायची. झाडांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच सकाळी तिने झारी कलती केली, तोच कानाशी आवाज आला, "पुरे गं!" झारी हातातून पडता पडता राहिली. माती चाचपली तर आत ओलच होती. पुढे रोज तेच. मेल्या तरी पिच्छा सोडत नाहीत म्हणून ती चरफडायची, घाबरायचीही, पण ऐकायची. कुंड्या बहरल्या. ऊन गॅलरीत उतरलं की लाल, पिवळी, गुलाबी फुलं उघडायची आणि दुपार कलली की मिटायची.

तिचं चुकलं एवढंच, की हे सगळं तिने सासऱ्यांना सांगितलं.

बायको गेल्यापासून ते वाचा गेल्यासारखे बसून असत. हे ऐकून ते नुसते कुंड्यांकडे बघत राहिले. पण थोड्याच दिवसांत झाडांच्या दांड्या पिळपिळीत झाल्या, कळ्या न उघडताच गळू लागल्या. सून तर माती सुकल्याशिवाय थेंबही घालत नव्हती. एका ढगाळ सकाळी ती हातातली शिवण टाकून उठली. पाहते तर काय, सासरे बादलीने पाणी ओततायत. कुंड्यांखालून ओघळ वाहत होते.

"बाबा, हे काय? कुजतील ना सगळी!"

"जन्मभर माझ्यावर खेकसली," सासरे म्हणाले. "आता तुझ्याशी बोलते, माझ्याशी का नाही? तिची झाडं मारतोय, तरी गप्प!"

हिरवी अशी एकच कुंडी उरली होती आणि त्यांनी बादली तिच्यावर धरली. आपणच सासूबाईंचा आवाज काढावा, झाड वाचेल आणि यांचाही जीव निवेल, असं सुनेच्या मनात आलं. तिने तोंड उघडलं.

"अहो, पुरे!"

सासऱ्यांनी बादली खाली ठेवली. ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सुनेच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिच्या तोंडून अजून शब्दच फुटला नव्हता.

त्या कुंडीतल्या काड्या तोडून तिने कोरड्या मातीत खोचल्या. त्या जगल्या. आता ऊन आलं की सासरे कुंडीपाशी बसतात, मधूनच "बरं बाई" म्हणून मान डोलावतात. सून झारी घेऊन येते, जराशी धार सोडते आणि कान देऊन थांबते. तिला कोणी काही म्हणत नाही. मग ती आपणहून झारी खाली ठेवते, मशीनवर येऊन बसते आणि सासूबाईंच्या आठवणीने पहिल्यांदाच रडते.