उजाळ्याचं पाणी

इंद्रभान सोनारानं तोड्यांची जोडी तिसऱ्यांदा तराजूत ठेवली आणि काटा थांबेपर्यंत समोर बसलेल्या चतुराबाईंकडे पाहायचं टाळलं.

“एक्कावन तोळे,” तो म्हणाला.

“साठ हायेत. तुमीच घडवले, सुनेच्या लग्नात.”

“मीच घडवले, म्हनून तं तीनदा तोलले.”

तोडे सुनेचे होते. विजयमाला महिनाभरापासून माहेरी, जऊळक्याला होती, आणि जाताना तिनं ते सासूच्या हवाली केले होते. चतुराबाई शेलूबाजारला आल्या होत्या त्या एका तोड्याची सैल झालेली फिरकी बसवून घ्यायला. वजनाचा विचारही त्यांच्या डोक्यात नव्हता.

“कोनाकडून उजाळून घेतले काय?”

“आला होता एक सायकलवाला. चार आन्यात आरशासारखे करून देल्ले त्यानं. म्हटलं, पोरगी येईन तं खुश होईन.”

इंद्रभाननं तोडे खाली ठेवले. “त्यायच्या पान्यात तेजाब असते, बाई. तेजाब चांदी खाते. वरतून रिठ्यानं घासून चमकवते अन् तुमची चांदी गाडग्यात घेऊन जाते. थे पानी गेलं, म्हंजे नऊ तोळे गेले.”

चतुराबाईंनी पदर सारखा केला. नसता केला तरी चाललं असतं. तीन वर्षांत सासू-सुनेचं एकदाही वाजलं नव्हतं, आणि गावातल्या काही बायकांना त्याचं मनापासून दुःख होतं. नऊ तोळे कमी भरले म्हणून विजयमाला काही बोलणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. भीती त्याचीच होती. ती नुसती हसेल, आणि पुढच्या वेळी माहेरी जाताना तोडे सोबत घेऊन जाईल.

“तुमच्या बोटायले काय झालं?” इंद्रभाननं विचारलं.

चतुराबाईंनी हात पदराखाली घेतला. “बिब्बा लागला.”

इंद्रभाननं आपला उजवा हात पुढे केला. त्याच्याही बोटांची टोकं तशीच होती, काळी, धुऊन न निघणारी.

“हा बिब्बा मले तीस वर्सापासून लागून आहे,” तो म्हणाला.

दुकानात तिसरं कोणी नव्हतं. तरी चतुराबाईंनी एकदा दाराकडे पाहून घेतलं.

“पानी माह्याजोळ आहे.”

“कायचं पानी?”

“त्याचंच. त्याले म्या भाकर देल्ली. तो पडवीत जेवत बसला अन् गाडगं आंगनात. मंग म्या थे लोनच्याच्या रिकाम्या बरनीत ओतून घेतलं. त्याच्या गाडग्यात निळीचं पानी भरलं. रंग अगदी तसाच जमला, भाऊ. निळसर.”

“काहून पन?”

“येवढं चांगलं पानी! म्हटलं, गावच्या बायायची चांदी मीच उजाळून देईन. तो चार आने घेते, मी दोन घेतले असते.” त्या थांबल्या. “पयल्याच दिवशी बोटं काळी पडली. मंग हातच नाही लावला.”

इंद्रभान हसायला लागला. आधी नाकातून, मग खांदे हलवत, आणि शेवटी चष्मा काढून त्यानं डोळे पुसले. चतुराबाईंनी त्याचं हसून होईपर्यंत धीर धरला.

“थो बिचारा कुठं तरी बसून नीळ आटवून राह्यला असन,” तो म्हणाला.

“बिचारा कायचा? भाकरीसंगं वरतून दही खाऊन गेला माह्या घरचं.”

पुढच्या बाजाराच्या दिवशी चतुराबाई बैलगाडीतून बरणी घेऊन आल्या. रस्ताभर ती मांडीवर धरून होत्या. गाडी खड्ड्यात गेली की आधी बरणी उचलायच्या, मग स्वतःला सावरायच्या. काय आहे म्हणून कोणी विचारलं, तर त्या लोणचं सांगत. कोणतं म्हणून विचारलं, की बिघडलेलं.

इंद्रभाननं बरणीत पाणी वाढवलं आणि तांब्याची एक पट्टी सोडली. थोड्या वेळानं पट्टीवर करडी लव धरली. ती दाट होत गेली, गळून तळाशी बसत गेली. चतुराबाई गुडघ्यांवर हनुवटी टेकून पाहत होत्या.

“ही चांदी?”

“हीच.”

“राखेसारखी दिसते.”

“आटवल्यावर पाहा.”

दुपार कलताना मुशीत टाकणखार पडला, भाता चालला, आणि राख वितळून तिचा पांढरा गोळा झाला. तोलला तेव्हा मात्र इंद्रभाननं वजनं बदलून पुन्हा तोलला.

“साडेचौदा,” तो म्हणाला. “नऊ तुमचे. वरचे साडेपाच कोनाचे?”

“म्हंजे?”

“तुमच्या आंधी त्यानं आनखी कोनाले तरी बुडवलं. थेच पानी वापरत आला तो.” सोनारानं गोळ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. “आता कोनाले शोधता? देवानं देल्ले समजा.”

जुन्या साच्यावर साठ तोळ्यांचे तोडे आठ दिवसांत पुन्हा उभे राहिले. मजुरी म्हणून इंद्रभाननं बरणीतला उरलेला तेजाब ठेवून घेतला आणि बरणी परत दिली. साडेपाच तोळ्यांचा गोळा चतुराबाईंनी फडक्यात बांधला आणि घरी जाऊन तुरीच्या कणगीत खुपसला. पुढल्या बाजारी चार गावच्या बायकांना विचारायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पुढला बाजार झाला. मीठ, तेल, मिरच्या घेण्यात विचारायचं राहून गेलं. त्याच्या पुढच्या बाजारी पाय दुखत होता. मधेच कधीतरी, साडेपाच तोळ्यांत जोडवी होऊन वर हातात एक गोठ बसेल, एवढा हिशेबही मनात होऊन गेला होता.

शनिवारी चतुराबाईंचा मुलगा रामराव बायकोला घेऊन आला. विजयमालेनं तोडे घातले, चार पावलं चालून पाहिली आणि वळून म्हणाली, “नवेच दिसून राह्यले, आत्याबाई!”

“ठेवले होते जपून,” चतुराबाई म्हणाल्या. तेही खोटं नव्हतं.

संध्याकाळी चुलीवर दूध ठेवून विजयमाला माहेरचं सांगत बसली. भावाची म्हैस, शेजारच्यांची भांडणं. मग तिचा आवाज उतरला.

“मायचं मन नाही थाऱ्यावर. तिच्या मायचे वाळे होते ना, पायातले? एक सायकलवाला आला, उजाळून देतो म्हने. आता पायातून गळून पडतात, येवढे पातळ झाले. सा तोळे तरी गेले म्हनते. बाबाले सांगतलं नाही अजून. चुलीजोळ बसून एकटीच रडते.” तिनं फुंकणी उचलून पुन्हा खाली ठेवली. “तुमच्याकडं तं नाही ना आला तो?”

चतुराबाईंच्या ओठांवर ‘नाही’ आलंच होतं. तोडे साठ तोळे होते. सून खुश होती. कोणी काही विचारणारं नव्हतं.

त्या उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. कणगीतून तूर सांडल्याचा आवाज झाला. परत आल्या तेव्हा कोपरापर्यंत हाताला धूळ लागलेली होती. त्यांनी फडकं सुनेपुढं ठेवून गाठ सोडली.

“साडेपाच हायेत. तुह्या मायले नेऊन दे.”

विजयमाला गोळ्याकडे पाहत राहिली. मग सासूच्या तोंडाकडे.

“अन् आता मी जे सांगते, थे पुरं आईक,” चतुराबाई पाट ओढून बसत म्हणाल्या. “मधात हासू नको. राग आला तं मंग सांग.”

“थांबा,” विजयमाला म्हणाली. “दूध उतरवून घेते पयले. लंबी गोष्ट दिसून राह्यली.”