वर जायची मनाई

इस्पितळाच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात मावशी भांडी घासायच्या. सगळे त्यांना मावशीच म्हणत; घरी मात्र हाक मारायला कुणी उरलं नव्हतं. लेक लग्न होऊन लांब गेली होती. फोनवर "जेवलीस ना?" एवढं विचारायची आणि घाईत ठेवून द्यायची.

वॉर्डातून ताटं परत यायची, तेव्हा काहींची झाकणंसुद्धा उघडलेली नसायची. मावशींचा जीव तुटायचा. पण स्वयंपाकघरातल्या माणसांना वर जायची सक्त मनाई होती. एका दुपारी त्यांना राहवलंच नाही. हात स्वच्छ धुतले, एप्रन काढून ठेवला आणि जिना चढल्या.

खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारे मास्तर होते. त्यांचं उजवं अंग लुळं पडलेलं आणि ताट नेमकं उजवीकडे.

"भूक नाही का, काका?"

"भूक आहे हो. हात पोचत नाही. दर वेळी कुणाकुणाला हाका मारायच्या?"

मावशींनी ताट डावीकडे घेतलं, झाकण काढलं आणि स्टूल ओढून बसल्या. मास्तर अडखळत, शाळेतल्या पोरांच्या खोड्या सांगत पोटभर जेवले. कित्येक दिवसांनी मावशी मोठ्यानं हसल्या.

मग रोजचंच झालं. खाली बरोबरीच्या बायका धुसफुसायला लागल्या. "या वर गप्पा मारणार, आणि ढीग आम्ही उपसायचा!" कुणीतरी साहेबांचे कान भरले.

"उद्या कुणाला संसर्ग झाला तर कोण निस्तरणार?" साहेब कडाडले.

"हात धुऊन जाते, साहेब. माणसं उपाशी राहतात हो."

नोकरी गेलीच, असं मावशींनी धरलं. पण वॉर्डच्या सिस्टर मध्ये पडल्या. साहेब स्वतः वर जाऊन बघून आले. पुढे पेशंटना जेवू घालायला दोन मदतनीस नेमल्या. सगळ्यांसमोर मावशींचं कौतुक झालं, टाळ्या वाजल्या. वर जायची मनाई मात्र राहिली. आता त्यांना वर कामच काय होतं?

ताटं रिकामी यायला लागली. मावशींना मनापासून बरं वाटायचं. पण दुपार सरता सरायची नाही, आणि बरोबरीच्या बायका अजूनही कामापुरतंच बोलायच्या.

एकदा मदतनीस भांडी घेऊन खाली आली.

"खिडकीजवळचे मास्तर कसे आहेत गं?"

"ते होय? परवाच घरी गेले. काठी टेकत, स्वतःच्या पायांनी!"

"जाताना काही म्हणाले का?"

"कशाबद्दल?"

"काही नाही. बरं झालं हो," म्हणत मावशींनी नळ सोडला.