‘येतो’चं बटण

ब्रेकमास्तरांचा आवाज म्हणजे काय सांगू! शिकाऊ गाडीच्या काचा वर केल्या तरी चौकापर्यंत ऐकू जायचा. गाडी शिकवायचा धंदा, शेजारच्या सीटवर बसून जन्मभर "ब्रेक! अरे ब्रेक!" म्हणून ओरडायचं, त्यावरून हे नाव पडलं. घरातही माणूस ओरडूनच बोलायचा. त्यांनी चहा मागितला तरी शेजारणीला वाटायचं, झालं यांचं भांडण सुरू. अशा माणसाच्या गळ्यात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वच्छ सांगून टाकलं, की जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. आता बोला!

त्यांची लेक यंत्रांच्या पडद्यांचं काम करायची. तिकिटाच्या यंत्रावर, वजनकाट्यावर आपण जे दाबतो, सरकवतो, टिचकी मारून निवडतो, ते सगळं ती जुळवायची. बटण, सरकपट्टी, खूण करायचा चौकोन, असं सामान तयार मिळतं. ते घ्यायचं आणि गिऱ्हाइकाला हवं तसं वाढवायचं, रंगवायचं. तिनं रजा टाकली. वडलांना आतल्या खोलीत बसवलं, खिडक्या लावल्या, फटीत पांघरुणं कोंबली आणि ऑपरेशनच्या आधी त्यांचा आवाज टॅबमध्ये भरून घेतला. "चहा ठेव." "माझा चष्मा कुठाय?" "नको म्हटलं ना!" "अगं, ऐक तरी." एकेका वाक्याला एकेक बटण.

तयार बटण मास्तरांना चालेना. बोटं जाडजूड, त्यात थरथर. एकदा दाबलं की टॅब दोनदा चहा मागायचा. मग लेकीनं बटणं ऐसपैस केली आणि अशी सोय केली, की बोट टेकलं की बटण नुसतं आत दबेल, बोट उचललं की मगच बोलेल. आवाजाच्या सरकपट्टीवर आकडे काढून तिनं शब्द घातले, हळू, घरात, रस्त्यावर. मास्तरांनी पट्टी ‘रस्त्यावर’ला नेली ती तिथेच ठेवली. आणि एक चौकोन त्यांनी हट्टानं मागून घेतला. त्यापुढे लिहिलं होतं ‘चिडून’. त्यात खूण केली की तेच वाक्य रागात.

"सगळं एका सुरात बोलायला मी काय भोंगा आहे?" असं म्हणून त्यांनी प्रत्येक वाक्य दोनदा भरलं. फक्त ‘येतो’ एकदाच. लेकीनं विचारलं तर म्हणाले, "घरातून निघताना चिडून बोलू नये गं, पोरी."

आपण निघताना ‘जातो’ कुठे म्हणतो? ‘येतो’च म्हणतो. आणि आतून ‘या’ आल्याशिवाय पाऊल उचलत नाही. ऑपरेशननंतर मास्तर रोज संध्याकाळी टॅब गळ्यात अडकवून फिरायला निघायचे, दाराशी बटण दाबायचे, आतून बायको म्हणायची "या", की स्वारी बाहेर. आवाज गेला, पण बोलणं काही थांबलं नाही.

आणि एका संध्याकाळी ते कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानासमोर खाली बसले, ते उठलेच नाहीत. गळा राहिला बाजूला, हृदयानं दगा दिला. त्यांचे बूट आणि टॅब लोकांनी घरी आणून दिले. आईनं टॅब दाराजवळच्या फळीवर ठेवला, चार्जरला लावून.

काही दिवसांनी, फिरायला जायच्या वेळेला, फळीवरून खणखणीत आवाज आला. "येतो."

लेकीच्या हातातला कप निसटला. आई मात्र दचकली नाही. पदराला हात पुसत आली, दाराशी स्टूल ओढून बसली, आणि अंधार पडून गेला तरी तशीच. जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बाई नुसती विरत चालली. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरायला लागलं. लेकीला वाटलं, बाप गेला तो गेला, आता ही पण जाते की काय!

ऑफिसात असल्या बिघाडाला सगळे ‘भूत’ म्हणायचे, आणि भूत उतरवण्यात हिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिनं काच पुसली, चार्जर काढला, प्रोग्राम ओळीनं वाचून काढला. काही नाही. शेवटी तिनं ते बटण बंदच करून टाकलं. बंद केलेलं बटण पडद्यावर फिकट दिसतं, राखेच्या रंगाचं. दाबा, बडवा, काही होत नाही. आणि संध्याकाळी ती डोळ्यांत तेल घालून समोर बसली.

फिकट बटण आत दबलं. तिच्या डोळ्यांदेखत. घटकाभर दबलेलंच राहिलं, कुणीतरी बोट टेकवून वाट बघत असल्यासारखं. मग वर आलं. "येतो."

ती ताडकन उठली. "आई, बास झालं! उद्या हा टॅब नेते आणि सगळं पुसून टाकते."

आईनं तिचा हात घट्ट धरला. "नको गं. त्या दिवशी मी ‘या’ म्हटलं नव्हतं."

मग तिनं सांगितलं. ती म्हणत होती, ऑपरेशनचं भोक आहे, गळ्याला रुमाल गुंडाळा, धूळ आत जाते. मास्तरांनी ‘चिडून’वर खूण केली आणि "नको म्हटलं ना!" तिच्या अंगावर पुन्हा पुन्हा सोडलं. तीही कमी नाही, पाठ फिरवून उभी राहिली. "मग त्यांनी रागाची खूण काढली गं. कपाटाच्या आरशात मला दिसलं सगळं. ‘येतो’ला तिचा काही उपयोग नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, तरी काढली. आणि ‘येतो’ दाबलं. थांबले, परत दाबलं. मी तोंडातून शब्द काढला नाही. मेली माझी जीभच उचलली नाही."

"मग आता म्हण ना आई. म्हणून टाक."

"म्हटलं तर जातील ना." आई रडायला लागली. "आत्ता निदान दाराशी तरी आहेत."

लेकीनं हात टेकले. बटण पुन्हा चालू केलं, रंग भरला. फक्त एवढंच म्हणाली, "आई, तू अशीच वाळत गेलीस तर मला कोण आहे?"

ते कुठेतरी लागलं असावं. आई दाराशी बसून बोलायला लागली. "नव्हता घ्यायचा रुमाल तर नव्हता. पण ओरडायचं कशाला? बरं, चुकलं माझं." बोलून झालं की दोन घास खायची. मग चार. एका संध्याकाळी तिनं केस नीट विंचरले, चांगले कपडे घातले. लेकीला म्हणाली, "आज म्हणते मी." लेक म्हणाली, "मी आत थांबते, तुमचं तुम्ही बोला," आणि स्वयंपाकघरात भांडी घासायला उभी राहिली, नळ सोडून, हाताला साबण, डोक्यात उद्याच्या कामाची चक्रं.

"येतो," आवाज आला.

"हो, या बाबा!" लेक आतून ओरडली. लहानपणापासून याच नळापाशी उभी राहून ती हेच ओरडत आली होती. तोंडातून गेल्यावर कळलं.

ती तशीच धावली. आई दाराशी उभी होती, तोंड त्या शब्दासाठी अजून उघडलेलंच. लावलेलं दार आता सताड उघडं होतं.

"ओठावर आलं होतं गं माझ्या," आई म्हणाली.

"आई, सवयीनं गेलं गं! अगं, मुद्दाम नाही..."

आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या संध्याकाळी टॅब बोलला नाही. आई बराच वेळ उभी राहिली. मग तिनं स्वतःच्या बोटानं बटण दाबलं. तोच आवाज आला, खणखणीत, "येतो."

"या," आई म्हणाली. पुन्हा दाबलं. "या." पुन्हा दाबलं. "या हो."

मग तिनं बोट काढून घेतलं आणि लेकीकडे वळून बघितलं.

"हे आता नुसतं बटण आहे," ती म्हणाली.