शालनबाईंचा दोऱ्यांचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. भारताचा. मागे कापड लावलेला, वर-खाली लाकडी दांडे असलेला. पुण्याजवळच्या मोशीच्या शाळेत फळ्याशेजारी टांगलेला असतो. आमच्या शालनबाई तापाने गेल्या हे शाळेला कळले, त्या सकाळी वर्ग भरला. मुले माझ्याकडेच बघत बसली. कारण हिरवा दोरा ओवलेली बाईंची सुई अजून माझ्यातच टोचलेली होती.

ती सुई तिथे का होती, ते सांगतो.

मी बासष्ट साली पुण्याच्या एका छापखान्यात छापला गेलो. त्याच सुमारास भोसरीच्या माळावर कारखान्यांसाठी जमिनी मोजायला लागले होते. माझी पहिली वर्षे मात्र गुंडाळलेलीच गेली. साहेब तपासणीला आले की मला उलगडत आणि ते गेले की पुन्हा कपाटावर टाकत. तिथे एका उंदराने माझा कच्छचा कोपरा खाल्ला.

मग शालनबाई आल्या. त्यांचे यजमान ज्योतीराम भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ यंत्रावर कामाला होते. 'भारत हा विकसनशील देश आहे,' असे मुले एका सुरात म्हणत, पण अर्थ विचारला की खाली बघत. बाईंनी सांगितले, "विकसनशील म्हणजे शिवायला घेतलेला सदरा. एक बाही लागली, एक लागायचीय. थंडी वाजते म्हणून तो फेकायचा नाही, शिवत राहायचं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच सुई आणली. माझ्यावर ना भोसरी होती, ना मोशी. बाईंनी ज्योतीरामांच्या जुन्या सदऱ्याचे बटण त्या जागी शिवले. बटण एवढे मोठे की त्याखाली भोसरी, मोशी, चाकण आणि अख्खे पुणेही झाकले गेले. पुणे मोशीच्या बटणाखाली गेले म्हणून वर्ग फार खूश झाला.

मग रीत पडली. मुलांनी घरी विचारून यायचे की कारखान्यात कोणता माल कुठून येतो. आणि तिथपासून बटणापर्यंत लाल दोरा घालायचा. झरियाचा कोळसा आला, केरळचे रबर आले, राजस्थानचे तांबे आले. एकेका दोऱ्याबरोबर तिथली माती, पाऊस आणि नद्या मुलांच्या ध्यानात राहू लागल्या. जवळ नसलेली वस्तू लांबून आणावी लागते, म्हणून रस्ते आणि रेल्वे लागते, हे त्यांना कोणी पाठ करायला सांगितले नाही.

भोसरीच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. त्या दिवशी ज्योतीराम बाईंचा डबा घेऊन शाळेत येत. मला बघून म्हणत, "ही गोधडी कधी पुरी व्हायची?" एकदा त्यांनीच सांगितले की त्यांच्याकडचे लोखंड बेळगावचे. मुलांनी दोरा घातला. पुढे कळले की माल आणणारी गाडी तेवढी बेळगावची होती, लोखंड भिलाईचे. बाई हसून म्हणाल्या, "अहो, भाजी टोपलीतून येते, म्हणून ती टोपलीत उगवते का?" दोरा उसवला. बेळगावला भोक अजून आहे.

एके दिवशी रंभाने विचारले, "बाई, समदं आपल्याकडंच येतंय. आपल्याकडनं काय जातंय?" रंभाच्या घरी कांद्याची शेती होती; चाकणच्या बाजारात विकलेला कांदा पुढे कुठे जातो, हे घरी कोणाला ठाऊक नव्हते. बाई म्हणाल्या की हाच प्रश्न देशाने रोज विचारायला हवा. तेव्हापासून हिरवा दोरा सुरू झाला. भोसरीचे सुटे भाग पंजाबच्या ट्रॅक्टरला गेले, मद्रासच्या पंपांना गेले. चाकणच्या बाजारातून कांदा कुठे जातो, ते विचारून यायचे बाईंनी ठरवले, सुई ओवून ठेवली आणि आजारी पडल्या.

त्या गेल्यावर नवा गुळगुळीत नकाशा आला. मुख्याध्यापक सोपानराव वाईट नव्हते. खिळा एकच होता, म्हणून त्यांनी मला काढले आणि बाईंची आठवण म्हणून घरी न्या, असे ज्योतीरामांना सांगितले. ज्योतीरामांनी मला काखेत घेतले. दारात रंभा आडवी उभी राहिली.

"काका, न्हेऊ नका. आमचं चाकण ऱ्हायलंय."

ज्योतीरामांनी मला उलगडले. बटणावरून अंगठा फिरवला. मग सोपानरावांना म्हणाले, "गुरुजी, हातोडी आहे का?" आणि भिंतीत दुसरा खिळा ठोकला.

आता दर गुरुवारी ते येतात. दोरे घट्ट करतात, आणि मुले त्यांच्या वाकड्या गाठींना हसतात. "बाईंनी शिकवलंच नाही मला," ते म्हणतात, आणि स्वतःही हसतात. परवा दुसऱ्या सुईने घातलेला गुजरातचा हिरवा दोरा उंदराने पाडलेल्या कच्छच्या भोकातून आरपार गेला, तेव्हा वर्गाचे हसू थांबेना.

मित्रांनो, नकाशाला ओले हात लावू नका आणि त्याला कपाटावर टाकू नका. उलगडून ठेवा, त्याला प्रश्न विचारा.

मुलांना चाकणला न्यायचे ज्योतीरामांनी कबूल केले आहे, पण तिथे बाजार असतो त्या दिवशी त्यांना सुट्टी नसते. त्यामुळे चाकणचा कांदा कुठे जातो, हे अजून कोणी विचारून आलेले नाही. बाईंची सुई बटणाशेजारी तशीच आहे.