हिरवा रंग फासलेली हापशी

मी हापशी बोलतेय. रायपूरला लागून असलेल्या बीरगांवात नवी बाग झाली आहे ना, तिच्या फाटकापासून वीस पावलांवर उभी असलेली. इथले लोक मला बोरिंग म्हणतात, मराठी घरांतले हापशी म्हणतात. काय म्हणायचं ते म्हणा. माणसांनी लाडाने हाक मारावी असं मला वाटेनासं होऊन बरीच वर्षं झाली. का, तेवढं सांगते.

बावीस वर्षांपूर्वी इथे बाग नव्हती, कारखाना होता. जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या फोडून त्यांतलं शिसं वितळवायचे. कामगारांना पाणी हवं म्हणून मालकाने एकशेसाठ फूट खणून मला बसवलं. नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, पहिला दांडा स्वतः मारला आणि फोटो काढून घेतला. पाणी मात्र चाखलंसुद्धा नाही. त्याचं पाणी मोठ्या डब्यांतून बाहेरून यायचं.

बॅटऱ्यांतलं तेजाबाचं पाणी कामगार भिंतीमागच्या खड्ड्यात ओतायचे. मालकानेच तसं सांगितलं होतं. जमिनीत ओतलं की संपलं, असा तुम्हा माणसांचा पक्का समज असतो. माझे पाय जमिनीच्या पोटात आहेत. वर ओतलेलं खाली कुठवर येतं, ते मला विचारा.

ते माझ्यापर्यंत आलं. कामगारांची पोटं दुखू लागली, हातापायांतलं बळ गेलं. शेजारच्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, बायका माझ्याकडून घागरी भरून न्यायच्या, त्यांची लेकरं निस्तेज होऊ लागली. डॉक्टर जंताच्या गोळ्या द्यायचा. मालक म्हणायचा, ही माणसं दारू पितात. पुढे वरून हुकूम आला आणि कारखान्याला टाळं लागलं. आठवडाभरात मालकाने यंत्रं उचलली, पत्रेसुद्धा उचलले. विष तेवढं इथेच ठेवलं. त्याला गिऱ्हाईक नव्हतं.

मग आठ वर्षं कुणी फिरकलं नाही. गवत वाढलं, डुकरं लोळली. ते दिवस बरे होते, कारण डुकरं भाषण करत नाहीत.

एके दिवशी कौमुदी आली. शंकर नगरात माती आणि पाणी तपासणारी एक कचेरी आहे, तिथली ही मुलगी. लोखंडी गिरमिट घेऊन ती भर उन्हात चार दिवस जमीन टोचत फिरली आणि माझं पाणी तिने बाटल्यांत भरून नेलं. माझ्या पोटात काय आहे हे विचारणारं ते पहिलं माणूस. महिन्याभराने ती परत आली तेव्हा सोबत शामराव होता.

शामराव हा पाणी खात्यातला हापशी दुरुस्त करणारा मिस्त्री. मूळचा वर्ध्याकडचा, जन्म सगळा रायपुरात गेलेला. माझा वायसर, म्हणजे पाणी वर ओढणारी आतली चकती, त्यानेच पाच वेळा बदलला होता.

"काका, हिला लाल करा. शिसं आहे पाण्यात. धुणंभांडं चालेल, प्यायचं नाही," कौमुदी म्हणाली.

"करतो ताई. लाल बोरिंगचं पानी इथं कोनी पित नाही. लहान पोट्ट्याले बी समजते."

त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत लाल रंगवलं. खरं सांगते, आयुष्यात एकदाच मला स्वतःचा अभिमान वाटला, तो त्या दिवशी. निदान मी खोटं बोलत नव्हते.

कौमुदीने जमिनीसाठी बेत आखून दिला होता, तो शहाणपणाचा होता. वरची तीन फूट माती खरवडून काढायची, विषारी कचऱ्यासाठी बांधलेल्या बंदिस्त जागी नेऊन टाकायची. मग चिकणमातीचा जाड थर, त्यावर चांगली माती. अर्ध्या जागेवर उन्हातून वीज करणाऱ्या पाट्या, अर्ध्या जागेवर झाडं. आणि पाणी स्वच्छ होईपर्यंत हापशी लालच. मेलेली जमीन पुन्हा कामाला लागली असती. मीसुद्धा आशेला लागले होते, हे कबूल करते. माणसांच्या सहवासात राहून वाईट सवयी लागतात.

काम ठेकेदार अनिमेषला मिळालं. घरात आई मराठीत बोलते, हा हिंदीत उत्तर देतो, तसल्यांपैकी एक. पांढरे बूट घालून यायचा आणि माती लागू नये म्हणून फळीवरून चालायचा. त्याने तीन फूट सोडा, तीन बोटं माती काढली नाही. अभनपुरकडून लाल मुरूम आणून सगळीकडे पसरवला, त्यावर काळी माती आणि हिरवळीचे गालिचे अंथरले. तपासणीला माणूस आला तेव्हा त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि त्या कोऱ्या मुरुमाचीच माती पिशवीत भरून दिली. ती स्वच्छ निघाली. निघणारच! अंघोळ न करता धुतलेला सदरा चढवायचा आणि सदऱ्याचा वास घ्यायला सांगायचा, असला हा प्रकार.

शामराव तोवर निवृत्त होऊन अनिमेषकडे मुकादम म्हणून लागला होता. उद्घाटन ठरलं तसा हुकूम निघाला, बागेतलं सगळं लोखंड हिरवं करा. कुंपण झालं, बाकडी झाली, झोपाळे झाले. शेवटी शामराव डबा घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. इकडेतिकडे पाहिलं, ब्रश बुडवला आणि ज्या हाताने मला लाल केलं होतं त्याच हाताने हिरवं केलं. दोन हात दिले, कारण पहिल्या हातातून लाल दिसत होतं.

त्याच आठवड्यात रमा कामावर आली. हिरवळीतलं तण काढायला आणि रोपं लावायला. भंडाऱ्याकडची पोर, नवरा पलीकडच्या उरला गावी लोखंडाच्या कारखान्यात, दोघांना इथे येऊन महिना झालेला. तिला दिवस गेले होते. रोपांसाठी रोज टँकर यायचा. माणसांसाठी काही यायचं नाही.

पहिल्याच दुपारी ती माझ्यापाशी आली.

"काका, हिचं पानी पेतेत न?"

शामराव आपल्या बाटलीतलं, घरून आणलेलं पाणी पीत होता. त्याने बाटलीचं झाकण लावलं.

"काम आटप पह्यले. उन्ह वाढून राह्यलं," तो म्हणाला.

नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. असली उत्तरं देण्यात माणसाचा हात कोणी धरू शकत नाही. रमाने ओंजळ लावली आणि प्यायली. थंड आहे म्हणाली. दांडा मारून झाला की माझ्या अंगावरून हात फिरवायची तिला सवय होती. मी जीव तोडून वायसर ढिला करायचा प्रयत्न केला. पण माझा वायसर शामरावनेच नवा बसवला होता आणि कामात तो पक्का. उद्घाटन आज-उद्या करत लांबलं. रमा चार महिने प्यायली. हिरवा रंग पाहून पाऱ्यातल्या घागरीही परत येऊ लागल्या होत्या.

उद्घाटनाला मांडव पडला. पाहुण्यांच्या टेबलावर बंद बाटल्या मांडल्या होत्या आणि त्या बाटल्यांमागे बसून ते जमिनीला दिलेल्या नवजीवनावर बोलत होते. टाळ्या पडत होत्या. कौमुदीही आली होती, पाटीवर तिच्या कचेरीचं नाव होतं म्हणून. मला पाहून ती जागीच थांबली.

"अनिमेष, ही हापशी लाल होती."

"मॅडम, पूरा पार्क ग्रीन है, एक चीज लाल अच्छी लगती क्या?"

"आणि खालची माती?"

"रिपोर्ट क्लीन है ना? बस."

कौमुदी शामरावकडे वळली. "काका, तुम्ही रंगवली होती ना लाल? सांगा की यांना."

"मले काय मालूम ताई. मी तर सांगतलं ते करतो." त्याने मान खाली घातली.

रमा मागे रोपांच्या टोपल्या घेऊन उभी होती. सातवा संपत आला होता. तिने टोपली खाली ठेवली, कोणाला काही न विचारता माझा दांडा मारला, लोटा भरला आणि शामरावपुढे धरला.

"काका, चार महिने झाले, तुमाले हिचं पानी पेताना पाह्यलं नाही. आज प्या."

त्याने लोटा घेतला. तोंडापर्यंत नेला. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडू दिलं. ओठाला मात्र त्याने थेंब लावला नाही.

"काहून नाही पेत, काका?" रमाने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उत्तर कळलं. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले. मांडवात कुणीतरी आभार मानत होतं.

कौमुदी तिला गाडीत घालून रक्त तपासायला घेऊन गेली. शामरावने पाना आणला, माझ्या दांड्याची खीळ काढली आणि दांडा खांद्यावर टाकून निघून गेला. रडत होता म्हणे. रडू दे. बरं केलं म्हणून मी त्याची पाठ थोपटणार नाही. पाना त्याच्याकडे चार महिने होताच.

आता मी दांड्याविना उभी आहे. कौमुदीने वर तक्रार केली, साहेब लोक आले, माझ्याभोवती फिरले, पुन्हा माती तपासू म्हणाले आणि गेले. संध्याकाळी लोक हिरवळीवर गालिचा समजून लोळतात, किती छान बाग झाली म्हणतात, आणि माझ्याजवळ उभं राहून फोटो काढतात. खाली काय आहे हे कुणी विचारत नाही. तुम्हीही विचारणार नाही, मला ठाऊक आहे.

रंग बदला, दांडा बसवा, असली विनंती मी करत नाही. रमा त्या दिवसानंतर कामावर आली नाही. एव्हाना ती बाळंत झाली असेल. माझं पाणी त्या लेकरापर्यंत पोचलं का, एवढंच कुणीतरी येऊन मला सांगा. मग तुमच्याशी माझं बोलणं संपलं.