खडूची फुली

थोरल्या लेकीला जुळी झाली, त्या वर्षीची गोष्ट. सोलर पॅनलच्या कारखान्याला तिसरं वर्ष चाललं होतं. सरकारने निम्मं कर्ज दिलं होतं. उरलेलं द्यायचं की नाही, हे बघायला एक अधिकारीबाई येणार होत्या. ते मिळालं नाही तर कुलूप, हे दोनशे जणांना ठाऊक होतं.

भिंगवाल्यालाही होतं. तयार पॅनल भिंगाखाली बघायचं, चीर दिसली की पाठीवर खडूने फुली मारायची, एवढंच त्याचं काम. त्याचा जावई, जुळ्यांचा बाप, तिथेच भट्टीवर होता. बाई यायच्या आदल्या दिवशी कारखान्याच्या साहेबांनी सगळ्या फुल्या पुसायला लावल्या आणि चीर गेलेली पॅनलं चांगल्यांच्या चळतीत घातली. ओलं फडकं नेमकं जावयाच्या हाती आलं. पुसता पुसता तो म्हणाला, उद्याचा दिवस डोळे मिटा, मामा. भिंगवाल्याने मान हलवली. दोन पोरांचं दूध कोणाला सुटलंय?

बाई आल्या त्या घसा बसलेल्या, झोप न झालेल्या. आठवड्यातला पाचवा कारखाना होता म्हणे. चळतीतलं एक पॅनल काढून त्यांनी तपासून दाखवायला सांगितलं. तो वाकला. चीर दिसली. हात सवयीने खडूकडे गेला, आणि फुली मारून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं. साहेबांचा चेहरा उतरला. जावई भिंतीकडे बघत राहिला.

"दहात किती जातात?" बाईंनी विचारलं.

आता कोंबडं झाकून काय उपयोग! "तीन," तो म्हणाला. "पहिल्या वर्षी सात जायची. चुकत चुकत हात बसतोय, बाई. अजून दोन वर्षं दिलीत तर एखादंच जाईल."

"दोन वर्षं माझ्या हातात नाहीत हो."

"आमच्याही नाहीत."

कर्ज आलं नाही. कुलूप लागलं, आणि शेवटच्या पगाराऐवजी फुलीची पॅनलं वाटली गेली. जावयाने एक छपरावर चढवलं. ते वीज कमी देतं, पण देतं. एक दिवा आणि एक पंखा चालतो. सरकारदरबारी आधी दिलेलं निम्मं कर्ज बुडीत धरलं गेलं. जुळी त्या पंख्याखाली वाढली.

जावई वर्षभर सासऱ्याशी बोलला नाही. मग एकदा पंख्याची वायर जोडताना, वर बघतच म्हणाला, "मामा, पक्कड द्या."

जुळी शाळेत जायला लागली त्या वर्षी, मे महिन्याच्या चौदा तारखेला, दुपारी, भिंगवाला वारला. पंखा चालू होता.